दोरीतली तीन बोटं

“चढा रे मढ्यांनो,” असं तो ओरडला की आम्ही हातातलं काम टाकून गाडीवर चढायचो. फिटर चढायचे, रंगारी चढायचा, समोरच्या पानवाल्याला बोलावणं जायचं, आणि शेटच्या टेबलाशी चहा पीत बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा कपबशीसकट चढायचं. सगळे पिकअपच्या मागच्या हौद्यात दाटीवाटीने बसले की तो खाली चाकाशी उकिडवा बसायचा, वरच्या फटीत बघायचा आणि म्हणायचा, “रिकामी गाडी खोटं बोलते.”

हे अंधेरीतलं एक गॅरेज. साठ-सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिथे कारकून होतो. कुठल्या गाडीचं काय काम, कधी आली, कधी गेली, हे वहीत लिहायचं आणि शेटच्या शिव्या खायच्या, एवढी माझी नोकरी. तो टायरचं बघायचा. आम्ही त्याला मेस्त्री म्हणायचो. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत मी रोज लिहीत होतो, पण इथे लिहिणार नाही. का नाही, ते वाचून झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा.

लष्कराच्या मोडीत काढलेल्या पिकअप तेव्हा लिलावात मिळायच्या. खाणवाले, रेतीवाले, वीटभट्टीवाले त्या उचलायचे आणि आमच्याकडे आणून म्हणायचे, उंच करून द्या. मग कमानींत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, जादा पाटे घालायचे आणि गाडी वीतभर वर उचलायची. इथवर कुणीही करील. खरी भानगड पुढे. उंच केलेल्या गाडीला टायर केवढा घालायचा? प्रत्येकाला मोठाच हवा असतो. रिकामी गाडी बघितली तर चाकाच्या वर एवढी फट दिसते की वाटतं, ट्रकचाही टायर मावेल. पण माल भरला की कमानी बसतात, स्टिअरिंग पुरतं वळवलं की टायर मडगार्डला जाऊन घासतो, आणि भर रस्त्यात चाक अडलं की वाट लागली. भीतीने लहान टायर घालावा, तर गाडी उंच करून मिळवलं काय? पोट पुन्हा जमिनीला. ह्या दोहोंमधला नेमका टायर सांगणं हे मेस्त्रीचं काम, आणि त्यात मी तरी त्याला कधी चुकलेला पाहिला नव्हता.

त्याच्याकडे एक मेण लावलेली दोरी होती. एका टोकाला पितळेची कडी, पुढे तीन गाठी. कडी चाकाच्या मधोमध धरायची आणि दोरी सरळ वर ओढायची. पहिली गाठ साडेसहा-सोळाची, साडेसहा इंच रुंद आणि सोळा इंची रिमवर बसणाऱ्या टायरची; दुसरी साडेसात-सोळाची, तिसरी नऊ-सोळाची. म्हणजे तो टायर घातला तर त्याची कड तिथवर येणार. आम्ही सगळे वर बसलेलो असताना ज्या गाठीच्या वर दोन बोटं मोकळी राहतील, तो टायर घालायचा. स्टिअरिंग डावीकडे वळवून एकदा, उजवीकडे वळवून एकदा. टायर कंपन्यांची मापं छापलेली पुस्तकं असायची, ती तो उघडायचा नाही. “छापलेलं छापणाऱ्याचं. मोजलेलं आपलं,” असं म्हणून दोरी खिळ्याला टांगायचा.

आता त्याच्या जिभेबद्दल. माणूस बघितला की त्याला वजन कळायचं आणि ते तो चारचौघांत सांगायचा. शेटला म्हणायचा, “शेट, तुम्ही मधी बसा, कडेला बसलात तर पाटा मोडंल.” आमचा फिटर शंकर एका पायाने लंगडा होता. त्याला म्हणायचा, “तू कुठंही बस रे, तुझा एक पाय हिशोबात नाहीच.” एकदा एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की गाडी हलते. मेस्त्रीने गाडी एक चक्कर चालवून आणली आणि त्याला म्हणाला, “गाडी नाय हलत. तुमची मान हलते. डाक्टरकडं जा.” त्या गृहस्थाची मान खरोखरच हलत होती. आम्ही पोट धरून हसलो. आपल्यावर येत नाही तोवर सगळेच हसतात, तुम्हीही हसला असता.

मग माझ्यावर आलं. त्याआधी सांगायला हवं की मला क्षय झाला होता. आठ महिने सॅनिटोरियममध्ये काढून मी परत आलो तेव्हा शेटने माझा कप वेगळा ठेवला होता. शंकर बोलताना दोन हात लांब उभा राहायचा. मेस्त्रीने पहिल्याच दिवशी माझ्या वहीवर एक उकडलेलं अंडं आणून ठेवलं. शेट पक्का शाकाहारी, त्याच्या नाकासमोर. “खा,” म्हणाला. “वजन नाय तुझं. गाडीवर बसवून काय उपयोग?” त्यानंतर रोज एक अंडं. मी खाईपर्यंत समोर उभा राहायचा आणि टरफलं स्वतःच्या हातात घेऊन जायचा. हौद्यात मात्र मला चढू द्यायचा नाही. “तू उतर. तुझ्यानं काय दबत नाय.” हे सगळ्यांसमोर, मोठ्यांदा. मी उतरायचो, आणि वरून सगळे हसायचे.

वर्षभराने माझं लग्न जमायला आलं. मुलगी मुलुंडची, माझ्या आत्याच्या ओळखीतली. घरच्यांनी आजारपणाचं सांगितलं नव्हतं. तेव्हा क्षय म्हटलं की लोक त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. एक दिवस मुलीचे वडील न कळवता गॅरेजवर आले. नेमका मेस्त्री हात पुसत माझ्या टेबलाशी उभा. वडीलधारा माणूस बघून त्यांनी सहज विचारलं, “मुलगा कसा आहे हो?”

मेस्त्रीने टायर वाजवून बघतात तशी माझ्या छातीवर दोन बोटं वाजवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, “सरळ हाय. बिडी नाय, दारू नाय. छाती तेवढी ठिगळ लावलेली हाय. आठ महिने सॅनिटोरियमला होता. आता बरा हाय, पण सांगितलेलं बरं.”

त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. दोन दिवसांनी आत्याकडे निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

मी मेस्त्रीला विचारलं, तुम्ही असं का केलंत? तो माझ्याकडे बघतच राहिला. “त्यानं विचारलं, मी सांगितलं. तू काय लपवून लगीन करणार होतास? उद्या त्या पोरीनं काय करायचं?” हे तो बरोबरच बोलत होता, आणि म्हणूनच मला त्याचा इतका राग आला. दुसऱ्या दिवशी वहीवर पुन्हा अंडं. मी ते त्याच्यासमोर सोललं, आणि तो वळल्यावर गटारात टाकलं. पुढे दीडेक महिना मी हेच करत होतो, मग कंटाळा आला आणि परत खायला लागलो. राग काही गेला नव्हता.

त्याच सुमारास शेटचा भाचा गॅरेजमध्ये बसायला लागला. कॉलेजात शिकलेला, हुशार, टायर कंपनीचं मापांचं पुस्तक घेऊन आला होता. मेस्त्री दोरी लावायचा आणि तो मागे उभा राहून पुस्तकात बघायचा. बहुतेक वेळा दोघांचं एकच यायचं. पण एकदा त्याने सगळ्यांसमोर विचारलं, “मेस्त्री, तुमची दोरी चुकली तर?” मेस्त्री पाना खाली ठेवून म्हणाला, “माजी दोरी चुकली तर ह्या फाटकातनं भायेर जाईन, परत आत येणार नाय.” शेट गल्ल्यावरून म्हणाला, “बोलला ते ध्यानात ठेवा, मेस्त्री.” मेस्त्रीच्या तोंडामुळे शेटची दोन-तीन चांगली गिऱ्हाइकं तुटली होती. मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

वर्सोव्याचे हिरामण नाखवा तेव्हा आपली पिकअप घेऊन आले होते. होडीतून मासळी उतरली की गाडी थेट ओल्या वाळूत न्यायची, हे त्यांना करायचं होतं. आधीची गाडी वाळूत पोटापर्यंत रुतली होती आणि भरतीच्या पाण्याने गेली होती. “मना मोठा टायर पायजे, मेस्त्री,” म्हणत होते. पाटे घालून झाले होते. टायरचं माप दुपारी जेवणानंतर घ्यायचं ठरलं.

मेस्त्री जेवून जुन्या ट्यूबांच्या ढिगावर आडवा झाला, तोंडावर टोपी ठेवून. मी खिळ्यावरून दोरी काढली. शंकरने कडी धरली. कडीपासून माझी तीन बोटं मोजून मी दोरी कापली, तेवढा तुकडा काढून उरलेली पुन्हा कडीला बांधली आणि नव्या गाठीवर काळं ग्रीस चोळलं. आता तिन्ही गाठी तीन बोटं खाली आल्या, म्हणजे मोठा टायरही लहान भासणार. माझ्या मनात काय होतं ते सांगतो, लपवत नाही. मला त्याला चारचौघांत तोंडावर पडलेला बघायचं होतं. मुलुंडच्या माणसाने कप खाली ठेवला तेव्हा माझं जे झालं, तेच त्याचं झालेलं बघायचं होतं.

शंकरच्या पोटात काही राहत नाही. तासाभरात सगळ्या गॅरेजला कळलं होतं. शेटला कळलं. तो काही बोलला नाही, भाच्याला घेऊन बाहेर येऊन उभा राहिला.

“चढा रे मढ्यांनो.” त्या दिवशी सगळे भराभर चढले. मी खालीच उभा होतो. मेस्त्री माझ्या दंडाला चिमटा काढून बघत म्हणाला, “तू पण चढ आज. वजन धरलंयस.” आणि सगळ्यांकडे बघून हसला. मी चढलो.

त्याने कडी धरली आणि दोरी वर ओढली. नऊची गाठ दोन बोटं मोकळी. तो थांबला. मान वाकडी करून त्याने फटीत बघितलं. पुन्हा कडी धरली, पुन्हा दोरी ओढली. तिसऱ्यांदा केलं. मग बाहीने डोळे चोळले. त्याला हल्ली कमी दिसतं हे आम्हाला ठाऊक होतं, तो कुणाला सांगत नव्हता एवढंच. त्याची नजर त्याला सांगत होती की इथे नऊ बसणार नाही, आणि दोरी सांगत होती की बसेल. नजरेवर त्याचा भरवसा उरला नव्हता.

“कारकुना, तू उतर. तुजे डोळे ताजे हायत. बघ, नऊची गाठ सुटी हाय ना?”

मी उतरलो, वाकून बघितलं आणि म्हणालो, “सुटी आहे, मेस्त्री.” गाठ सुटी होतीच.

भाचा म्हणाला, “पुस्तकात साडेसात आहे.”

“पुस्तक रिकाम्या गाडीचं असतंय,” मेस्त्री म्हणाला, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. नाखवा खूश झाले, त्यांना नऊच हवा होता.

नऊचे चार टायर चढवले. पुन्हा आम्ही सगळे वर बसलो. भाच्याने स्टिअरिंगला बसून गाडी थोडी पुढे घेतली आणि पुरती वळवली. फर्र करून आवाज झाला, मडगार्डची कड टायरमध्ये घुसली आणि चाक अडलं. आधी शंकर हसला, आणि मग आम्ही सगळेच हसलो. इतके हसलो की आमच्या हसण्याने हौदा हलत होता. शेट रुमाल तोंडाला लावून हसला. मीही हसलो. खरं तर मीच जास्त हसलो.

मेस्त्री ओरडला नाही. शिवी दिली नाही. त्याने फटीत हात घालून चाचपलं, टायरला पडलेली चीर बोटाने बघितली आणि भाच्याला विचारलं, “काय म्हणालास पुस्तकात?”

“साडेसात.”

त्याने एकट्याने चारही चाकं उतरवली. साडेसातचे टायर चढवले. आम्हाला पुन्हा वर बसवलं, या वेळी “बसा” एवढंच म्हणाला. दोन्ही बाजूंना स्टिअरिंग वळवायला लावलं. टायर दोन बोटं राखून छान फिरला. “पुस्तक बरोबर हाय,” त्याने नाखवांना सांगितलं. मग दोरी घेतली, जळक्या तेलाच्या पिंपात टाकली, हात धुतले, डबा उचलला आणि फाटकातून बाहेर पडला.

आम्हाला वाटलं, सोमवारी येईल. सोमवारी आला की खरं सांगायचं, चहा पाजायचा, शिव्या खायच्या आणि प्रकरण संपवायचं, असं आम्ही ठरवलंसुद्धा. तो आला नाही. शंकर म्हणाला, तू जाऊन सांग, दोरी तू कापलीस. मी म्हणालो, कडी तू धरली होतीस. शेट म्हणाला, कशाला उकरताय, पुस्तकावर काम चाललंय ना. जोगेश्वरीला त्याची खोली होती, बायको होती, मूलबाळ नव्हतं. अंधेरीहून जोगेश्वरी काही लांब नाही. मी दोनदा निघालो आणि दोनदा अर्ध्यातून परत आलो. पंधरा दिवस गेल्यावर सांगणं अवघड झालं, महिना गेल्यावर अशक्य झालं. मग कुणीतरी म्हणालं की ते जोगेश्वरी सोडून गेले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. इतका मी नीच.

नऊ-दहा वर्षं गेली. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, मी दुसरीकडे नोकरीला लागलो. बोरीवलीला नॅशनल पार्कच्या बाजूला नव्या सोसायट्या होत होत्या, तिथे एका ओळखीच्याचा ब्लॉक बघायला गेलो होतो. सकाळची वेळ. फाटकाशी स्टुलावर खाकी कपड्यांतला वॉचमन बसलेला, जाड भिंगांचा चष्मा. मी मजला विचारला आणि त्याने मान वर केली.

“कारकुना.”

त्याने आवाजावरून ओळखलं. मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः पायरीवर बसला. माझ्याकडे खालीवर बघून म्हणाला, “पावणेदोन मण. ब्येस.” लग्न झालं का विचारलं. मी दोन मुलांचं सांगितलं. तो बराच वेळ मान हलवत राहिला आणि मग जे बोलला ते मी कधी अपेक्षिलं नव्हतं.

“तुज्या त्या मुलुंडवाल्याम्होरं मी बोललो, ते चुकलं माजं. तवा मला वाटायचं, मला कळतं ते खरंच असतं. मग त्या नाखवाच्या गाडीला चुकलो आणि कळलं, आपण बी चुकतो. त्या दिवसापासनं कुणाला काय सांगत नाय मी. टायरला पण हात नाय लावला. कुणाच्या जिवावर बेतलं असतं.”

ही माफी मी घेऊ शकत नव्हतो. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं का, हे मला आजही कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा. मी म्हणालो, “मेस्त्री, तुम्ही चुकला नव्हता. दोरी आम्ही कापली होती. कडीकडून. तीन बोटं.”

त्याने चष्मा काढून खाकी शर्टाला पुसला. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

मग म्हणाला, “तुजी की माजी?”

“काय?”

“बोटं. तुजी तीन की माजी तीन?”

“माझी.”

त्याने माझा हात ओढून घेतला, माझी तीन बोटं स्वतःच्या बोटांशेजारी लावली आणि ओठ हलवत हिशोब केला. “म्हंजे नऊची गाठ साडेसातच्या जागी आली.”

“हो.”

“मग माजं बरोबर होतं. डोळ्याला साडेसातच दिसत होता मला. बरोबर होतं माजं.” त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बरं झालं सांगितलं. माझा हात त्याने अजून धरून ठेवला होता. “कुणाकुणाला ठाऊक होतं?”

“सगळ्यांना.”

“शेटला?”

“शेटलाही.”

त्याने माझा हात सोडला.

“माजी बायको रोज म्हणायची,” तो म्हणाला, “तुमी चुकणार नाय, कुणीतरी दोरीला हात लावलाय. मी म्हणायचो, आमची माणसं तसली नायत. एकदा ऐकंचना, तवा तोंडात मारली मी तिच्या. त्याच्यानंतर तिनं तो विषय काढला नाय.”

“वहिनी इथेच असतात का?” मी विचारलं.

“दोन वर्सं झाली तिला जाऊन.”

बाहेर कुणाची तरी मोटार हॉर्न देत होती. तो उठला, फाटक उघडलं, मोटारीला सलाम केला आणि तिथेच उभा राहिला. पायरीकडे परत आला नाही. मी ब्लॉक न बघताच निघालो. फाटकातून बाहेर पडलो तेव्हा त्याने मलाही तसाच सलाम केला.